टेबलावरच्या चार चपला

बाईंच्या टेबलावर चपला असत. टेबलाखाली नव्हे, टेबलावर. रक्तदाबाचं यंत्र, औषधकंपनीचं कॅलेंडर, आणि त्यांच्या शेजारी वर्तमानपत्राच्या घडीवर मांडलेल्या चार चपला. दोन लाल, बायकी. दोन तपकिरी, पुरुषी. दोन्ही जोडांतल्या एकेका चपलेचा अंगठा तुटलेला होता.

नारायणगावातल्या डॉक्टर बाईंच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात मी मदतनीस डॉक्टर म्हणून रुजू झाले, त्या सकाळी माझं पहिलं लक्ष गेलं ते या चपलांकडे. पुण्यातून शिकून आलेली मी. चपला बघून माझा चेहरा जो काही झाला असेल, तो बाईंनी बरोबर टिपला.

"डोळे मीट," त्या म्हणाल्या. "लाल जोडातली एक उचल. आता तपकिरी जोडातली एक."

मी उचलल्या. डोळे उघडले तर हातातल्या दोन्ही तुटक्या.

"घे! पहिल्याच खेपेला," बाई म्हणाल्या. "हे तुझं पोर. आता याला जन्मभर दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. लाल चपलावाली धडधाकट, तपकिरी चपलावाला धडधाकट. एकेक तुटकी असली तरी दोघांचं चालणं काही अडलं नव्हतं. कुणाला पत्ताही नव्हता. पोरानं नेमक्या दोन्ही तुटक्या उचलल्या, त्यात पोराची काय चूक?"

थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि मायनर म्हणजे ज्याच्याकडे एकच तुटकी चप्पल, हे मी तीन वर्षं इंग्रजी पुस्तकातून वाचलं होतं. पण ते असं हातात कधी आलं नव्हतं. मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चपला पुन्हा जागेवर नीट लावल्या आणि मला हात धुऊन यायला सांगितलं.

बाई तेव्हा साठीच्या पुढे होत्या. ठेंगण्या, सुती साडीतल्या, मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ. लग्न केलेलं नव्हतं. दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर एकट्या राहत. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक किल्ली असे. ती कपाटाची, आणि कपाटात एक रजिस्टर. आमच्या सिस्टर म्हणायच्या, "बाईंचं लगीन त्या रजिस्टराशी लागलंय, मॅडम. बघा की, मंगळसूत्र पण हाय."

त्या रजिस्टरात पंचक्रोशीतल्या जोडप्यांची नावं होती. लग्न ठरत आलेली, नुकती झालेली, पहिलटकरणी आणि त्यांचे नवरे. बाई प्रत्येकाला ही तपासणी सुचवत. ताप घेऊन आलेल्या मुलीलाही विचारत, "लग्न ठरलंय का गं? मग त्यालाही घेऊन ये." रक्त पुण्याला जायचं, चार दिवसांनी अहवाल यायचा. मग बाईंचा ठरलेला शब्द असे: "दोघं या." दोघं म्हणजे दोघंच. सासू नाही, मामा नाही, मध्यस्थ तर मुळीच नाही. बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींना आतलं काही ऐकू जाऊ नये म्हणून बाईंनी खिडकीत एक रेडिओ ठेवला होता. तो मोठ्यांदा लावायचा, हे सिस्टरांचं काम. कृषिवार्ता लागल्या की समजावं, आत कुणाचं तरी नशीब उघडलंय.

"रक्तावरनं पोरगा का पोरगी कळतं काय हो?" एक सासूबाई मला हळूच विचारायच्या. दर वेळी सासूबाई वेगळ्या असत, प्रश्न तोच.

बाईंचा एक नियम मात्र मला पहिल्यापासून पटला नाही. अहवाल त्या जोडीचा सांगत, माणसाचा नाही. दोघांतही दोष नसला तर "काही नाही, करा लग्न." दोघांतही असला तर तास तास बसून सगळे मार्ग समजावत, आणि ठरवायचं त्यांच्यावरच सोडत. पण एकात असला आणि एकात नसला, तर फक्त एवढंच: "एकात आहे, एकात नाही. तुमच्या पोरांना धोका नाही. जा." कुणात आहे, ते सांगत नसत. कितीही विचारा, पाया पडा. त्या किल्लीवर हात ठेवून गप्प बसत.

"बाई, हे बरोबर नाही," मी दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले. "स्वतःचं रक्त आहे, स्वतःला कळायला नको? बहिणी असतात, भाऊ असतात. त्यांनाही असू शकतं."

"असू शकतं," बाई म्हणाल्या. "ते आले की त्यांच्या जोडीदारासकट तपासेन."

"आणि नाही आले तर?"

 याचं उत्तर त्यांनी पुढे कधीतरी, पावसामुळे दवाखाना रिकामा असताना, आपणहून दिलं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला त्यांनी एका मुलीचा अहवाल तिच्या आईला सांगितला होता. मुलीत आहे, मुलात नाही; काळजीचं कारण नाही, असं नीट समजावून. आईनं ते बहिणीला सांगितलं, बहिणीनं विहिणीला. आठ दिवसांत लग्न मोडलं. गावभर झालं की पोरीच्या रक्तात खोट आहे. पाठच्या दोन बहिणींनाही स्थळं येईनात.

"ती मला भेटायला आली होती," बाई म्हणाल्या. "भांडायला नाही गं. विचारायला. म्हणाली, बाई, मला काय झालंय? मी म्हटलं, काही नाही झालेलं. म्हणाली, मग असं का झालं? पुढं ती मुंबईला कुणाकडे तरी गेली. मला एवढंच माहीत आहे."

मला वाईट वाटलं. पण मत बदललं नाही. एका मुलीच्या दुःखावर सगळ्यांसाठी नियम बांधायचा, हे मला हट्टीपणाचं वाटायचं. मी तरुण होते आणि बरोबर होते, आणि त्या वयात एवढं पुरतं.

दर दोन महिन्यांनी तालुक्यातले डॉक्टर एका हॉटेलात जेवायला जमत. तिथे बाईंनी हा विषय काढला की लोक ताटाकडे बघायला लागत. एकदा एका डॉक्टरीणबाईंनी तोंडावरच सांगितलं, "ओपीडीत श्वास घ्यायला फुरसत नसते. हे समजवायला अर्धा तास कुठून आणू?" दुसरे एक ज्येष्ठ म्हणाले, "धडधाकट पोरीला कागदावर आजारी करायचं कशाला?" तिसऱ्यांचं म्हणणं, एकदा असलं काही बोललं की ते घर पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. शेवटी सगळ्यांना पटेल असं एकानं मांडलं: "कुणी विचारलं तर करावी की. आपण होऊन कशाला?"

"विचारणार कसे?" बाई म्हणाल्या. "ज्याचं नावच ऐकलं नाही, ते कोण कसं विचारणार?"

 बाई आपली दह्याची वाटी घेऊन कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलावर जाऊन बसल्या आणि सावकाश दही खाल्लं. मी उठून त्यांच्याजवळ जायला हवं होतं. मी इतरांबरोबर बसून राहिले, कारण मला त्यांचंही थोडं पटत होतं, आणि जेवण गरम होतं.

डॉक्टर ऐकत नाहीत म्हणून बाई बेल्ह्याच्या आठवडी बाजाराला जायला लागल्या. जनावरांच्या बाजारात! घरातलं एक स्टूल गाडीत टाकायच्या आणि बैल-गाईंच्या दावणीपाशी मांडून बसायच्या. टेम्पोतून जनावरं उतरत, व्यापारी दात बघत, शेपट्या उचलत. बाई एखाद्या पागोटेवाल्या आजोबांना गाठत.

"ही गाय घेताना काय विचारलंत?"

"दूध किती देती ते."

"आणखी?"

"तिच्या आईचं दूध किती व्हतं, वळू कुठला व्हता... विचारावंच लागतं की, बाई."

"आणि नातीचं लग्न ठरवताना?"

"घर बघितलं, जमीन बघितली, पत्रिका बघितली."

"रक्त?"

आजोबा आधी हसत, मग विचारात पडत, मग गायीकडे वळत. कधी कधी एखादा खरंच नातीला घेऊन येई. महिन्यात एक आला तरी बाईंचा चेहरा दिवसभर उजळलेला असे. बाजाराच्या दिवशी दवाखाना मी एकटी सांभाळत असे, आणि तो दिवस नेमका सर्वांत गर्दीचा.

बाईंना लग्नपत्रिका पुष्कळ येत. पण लग्नं होऊन गेल्यावर. टपालात उशीर झाला म्हणावं, तर पत्रिका हातानं आणून दिलेल्या असत. शुभकार्यात बाई नकोत, एवढाच त्याचा अर्थ. गाडी दारात दिसली तरी पाहुण्यांत कुजबूज व्हायची की काहीतरी निघालं वाटतं रक्तात. बाई त्या पत्रिका वाचत, तारखेकडे बघत, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. डबा भरला की दुसरा.

संध्याकाळी दवाखाना आवरला की त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबत, वळत आणि विचारत, "जेवायला थांबतेस?"

मी वारूळवाडीत खोली घेऊन राहत होते. तिथे माझी वाट बघणारं कुणीही नव्हतं. तरी मी म्हणायची, "नको बाई, आज नको." त्या "बरं" म्हणत आणि वर जात. पाच वर्षांत मी चार-पाच वेळाच थांबले असेन. वर एक टेबल, एक खुर्ची. दुसरी त्या खालून उचलून आणत.

पहिल्या वर्षी अश्विनी आली होती. माहेर आंबेगावात, घोडेगावकडचं. लग्न ठरलं होतं पिंपळवंडीत. मुलगाही बरोबर होता. दोघं चपला बघून इतकी हसली की रेडिओ चालू असूनही बाहेरच्या मंडळींना आवाज ऐकू गेला. बाईंनी अहवाल सांगितला, "एकात आहे, एकात नाही. जा, करा लग्न." अश्विनी म्हणाली, "माज्यात असंल बाई, मीच लई धांदरट हाय." मुलगा म्हणाला, "न्हाई, माज्यात." भांडत भांडत गेली दोघं. त्यांच्या लग्नाची पत्रिकाही पुढे त्याच डब्यात गेली.

दीड वर्षानं तो मुलगा महामार्गावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. बातमी मी ऐकली होती. पण तो हाच, हे माझ्या डोक्यात जुळलं नाही. पुढे वर्षभरानं घरातल्या वडीलधाऱ्यांनी अश्विनीचं लग्न धाकट्या दिराशी लावून दिलं. दोघांच्या मर्जीनं, चार माणसांत. ते तर मला कळलंही नाही.

ती पुन्हा आली ती दोन महिन्यांची गरोदर म्हणून. बाजाराचा दिवस. बाई बेल्ह्याला. बाहेर बाकं भरलेली, आत एकीला कळा सुरू झालेल्या. मी केसपेपर पुढं ओढला. गाव तेच, आडनाव तेच.

"थॅलेसेमियाची तपासणी झाली का?"

"झालीया मॅडम. बाईंनीच केली व्हती, लग्नाआधी. ह्यांच्या..."

मी "झाली आहे" असं लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. अश्विनी काहीतरी सांगत होती. मी मान हलवली. ऐकलं नाही.

उलट्या फार होतात म्हणून तिसऱ्याच महिन्यात ती माहेरी गेली. बाळंतपण तिकडंच झालं. तिकडच्या डॉक्टरांनी आमचा कागद बघितला, बाईंचं नाव बघितलं, आणि पुन्हा तपासायची गरज त्यांना वाटली नाही.

मुलगी झाली, गौरी. आठव्या महिन्यात ती पांढरी पडत गेली, खाईना, पोट पुढं आलं. पुण्याला नेली. अहवाल आला, थॅलेसेमिया मेजर; दोन्ही चपला तुटक्या.

ते सगळे दवाखान्यात आले तेव्हा दुपार होती. सासरे, सासूबाई, धाकटा मुलगा, मांडीवर लेक घेतलेली अश्विनी. मी पडद्याआड एका बाईला तपासत होते. बाईंनी रेडिओ लावायला सांगितलं नाही.

"तुमी म्हणला व्हता, भ्या न्हाई म्हणून!" सासऱ्यांचा आवाज सगळ्या दवाखान्याला ऐकू गेला. "तुमच्या शब्दावर आमी गेलो!"

"ह्यांचं रक्त कधी तपासलं?" बाईंनी धाकट्याकडे बोट करून विचारलं.

"ह्याचं कशाला तपासायचं?" सासूबाई रडत म्हणाल्या. "थोरल्याचं तपासलं व्हतं की. सख्खं भाऊ हायेत, बाई. एकाच पोटचं. रक्त एकच की!"

मी पडद्याआड तशीच उभी राहिले. त्या दिवशी अश्विनी हेच सांगत होती. एक वाक्य ऐकलं असतं तर मी नवऱ्याचं नाव विचारलं असतं, त्याचं रक्त घेतलं असतं, आणि गर्भाची तपासणी करून काय ते ठरवायला त्यांच्या हाती वेळ राहिला असता. 

"फाईल दाखव," बाई अश्विनीला म्हणाल्या. कागद उलटल्याचा आवाज आला.  पडद्याच्या फटीतून मला दिसलं, बाईंनी कागदावरून नजर उचलली आणि सरळ पडद्याकडे बघितलं. मग फाईल मिटून अश्विनीच्या हातात दिली.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुझ्यात आहे हे तुला मी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू दुसऱ्या लग्नाच्या वेळी माझ्याकडे आली असतीस. नियम माझा होता. चूक माझी आहे."

सासरे आणखी पुष्कळ बोलले. बाई उभ्या राहून ऐकत होत्या. मी बाहेर गेले नाही. जिला तपासत होते तिनं मला दोनदा विचारलं, "उठू का मॅडम?" मी तिला झोपूनच राहा म्हटलं.

संध्याकाळी बाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबल्या. वळल्या.

"जेवायला थांबतेस?"

"नको बाई, आज नको."

"बरं."

दोन महिन्यांनी मी पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात नोकरी धरली. कारण काय सांगितलं ते आठवत नाही. बाईंनी विचारलंच नसावं. जाताना त्यांनी मला एक चांगलं पेन दिलं. ते मी कधी वापरू शकले नाही.

पुढचं सिस्टरांकडून फोनवर कळत गेलं. बाईंनी गळ्यातली किल्ली काढली आणि रजिस्टर उघडलं. जुन्या गाडीतून गावोगाव फिरून, ज्याचं त्याला, एकेकट्याला गाठून सांगायला सुरुवात केली: तुझ्यात आहे, भावंडांना सांग. काहींनी चहा दिला. काहींनी दार लावलं. एका घरानं त्यांच्यावर कुत्रं सोडलं. डॉक्टरांच्या जेवणाला त्यांनी जाणंच सोडलं. आणि दर तीन आठवड्यांनी, सकाळी लवकर, गाडी पिंपळवंडीला थांबायची. गौरी आणि अश्विनीला घेऊन बाई स्वतः पुण्याला जायच्या, रक्त चढेपर्यंत बाकावर बसायच्या, आणि परत आणून सोडायच्या. म्हणजे दर तीन आठवड्यांनी त्या माझ्याच शहरात असत. मला ठाऊक होतं कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी. मी एकदाही गेले नाही.

बाई गेल्याचा फोनही सिस्टरांचाच. जिन्यातच चक्कर आली, वर पोचल्याच नाहीत. मी गेले तेव्हा दवाखान्याचं सामान बांधणं चाललं होतं. चार चपला टेबलावर तशाच होत्या. पत्रिकांचे डबे मोजले नाहीत, पण भिंतीच्या कडेनं ओळीनं लावले होते. त्या घरात दुसरी खुर्ची अजूनही नव्हती.

तिथून मी पिंपळवंडीला गेले. का, ते मला माहीत होतं. एवढी वर्षं जे बोलले नाही ते एकदा तरी कुणापुढं बोलायला हवं होतं, आणि आता ते ऐकायला एकच माणूस उरलं होतं.

अश्विनी ओट्यावर मिरच्या निवडत होती. गौरी शेजारी बसून देठं गोळा करत होती. सात वर्षांची, बारीक, डोळे मोठे. अश्विनीनं मला लगेच ओळखलं. पाणी दिलं. मी पेला खाली ठेवला आणि जे सांगायचं होतं ते सरळ सांगितलं. त्या दिवशी मी ऐकलं नाही. मी लिहिलं. बाई माझ्यासाठी बोलणी खात होत्या तेव्हा मी पडद्यामागं होते.

ती ऐकत राहिली. मग घरात गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाईल घेऊन आली. पहिलंच पान उघडून माझ्यापुढं धरलं. "झाली आहे." निळ्या शाईत, माझं उजवीकडं कललेलं अक्षर.

"बाईंचं अक्षर मला म्हाईत हाय, मॅडम," ती म्हणाली. "ह्ये त्यांचं न्हाई. मला पहिल्या दिसापासनं म्हाईत हाय."

"मग... तू बोलली का नाहीस?"

"लई येळा वाटलं. बाईंना म्हणलं पण, पुण्याला जाताना गाडीत. म्हणलं, त्या मॅडमला जाऊन इचारते. तर बाई म्हणल्या, नको. ती एकटी हाय तिकडं. तिला कळलेलं हाय."

मिरचीचा ठसका लागल्यासारखे माझे डोळे भरले. मी ते पुसले नाहीत. गौरी माझ्याकडे बघत होती.

"आन् अजून एक म्हणल्या व्हत्या," अश्विनी फाईल मिटत म्हणाली. "म्हणल्या, ती येईल कधीतरी. आली की तिला जेवायला थांबव."

ती उठली. "थांबताय ना, मॅडम?"

मी थांबले.